नांदूर मध्यमेश्वरला बदकं मोजायला जाताना

दसरा झाला की नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचे बेत सुरू होतात आणि पहिली चर्चा दुर्बिणीची होते. त्याआधी पाण्याची चौकशी करा. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ जागा आणि बेटं तयार झाली, म्हणून तर बदकं इथे उतरतात. वरच्या धरणांतून विसर्ग चालू असेल तर तीच बेटं पाण्याखाली जातात आणि पक्षी पांगतात. आदल्या दिवशी चापडगावच्या एखाद्या गाइडला फोन केला की पाण्याचा अंदाज येतो.

नाशिकहून अंतर चाळीसेक किलोमीटर, पण निघायचं अंधारातच. ऑक्टोबर म्हणजे निफाड पट्ट्यात द्राक्षांच्या छाटणीचा आणि फवारणीचा हंगाम. बागांतले ब्लोअर सुरू झाले की तरंग बदकाची शिट्टी ऐकू येणं विसरा. शिवाय ऑक्टोबर हीट आहे, नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी नुसता ठिपका होतो. टोपी, भरपूर पाणी, भाकरी-ठेचा आणि मळकट रंगाचे कपडे, एवढं झालं की बाकी फार विचार नको.

८×४२ ची दुर्बीण पुरते. गटात एक तरी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, असावा आणि त्याचा ट्रायपॉड जड असावा, कारण निरीक्षण मनोऱ्याचा जिना कुणी चढू लागलं तरी स्कोपमधलं बदक नाचायला लागतं.

खरी तयारी मात्र घरी, पुस्तक उघडून करायची. पुस्तकात पहिला येतो तो नटलेला नर. आत्ता आलेले बरेचसे नर विणीनंतरच्या पिसांत, मादीसारखेच तपकिरी असतात. भुवई बदकाची ती पांढरी भुवई शोधत बसाल तर सकाळ जाईल. त्याच्या नराला पुन्हा रंग चढायला नवं वर्ष उजाडावं लागतं. म्हणून रंग सोडा, आकार पाठ करा. थापट्याची चोच फावड्यासारखी, ती पाण्याला टेकवून गोल गोल फिरतो. तलवार बदकाची मान लांब, चोच राखाडी. मलिन बदकाच्या पंखावर पांढरा चौकोन, बसल्यावरही कधी कधी डोकावतो. चक्रांग आणि भुवई मात्र भल्याभल्यांना चकवतात: चक्रांगाच्या शेपटीच्या कडेला फिकट रेघ असते, भुवईच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट डाग. तरीही ठरेना तर वहीत ‘अनोळखी छोटं बदक’ लिहा. माझ्या मते ज्या यादीत ऑक्टोबरात एकही अनोळखी नाही, तिच्यावर जरा संशयच घ्यावा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, दिसले नाहीत म्हणून हिरमुसू नका, त्यांची गर्दी थंडी पडल्यावर.

मोजणीसाठी दहा चांदव्यांचा (बदकांबरोबर पोहणारे काळे पाणपक्षी) एक घास नजरेने धरायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. आकडा आधी वहीत, फोटो नंतर. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर टाकताना मोजलं नसेल तर आकड्याऐवजी ‘एक्स’ (पक्षी दिसला, मोजला नाही) चालतो. अंदाजाला नेमका आकडा चिकटवू नका. ड्रोन नको आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं तर मुळीच नको.

दोन मनोऱ्यांवर दोन गट बसणार असतील तर घड्याळं जुळवून घ्या. दलदल ससाणा फिरला की सगळा थवा उठतो आणि पलीकडे जाऊन बसतो. मग तीच बदकं दोन्ही वह्यांत. थवा उठल्याची वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या समासात लिहा आणि निघण्यापूर्वी वह्या शेजारी ठेवून वजाबाकी करा. पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरला, पुन्हा जायचं आहेच, तेव्हा बसण्याच्या जागा त्याच ठेवा.