हातगाडी रडारला किती दिसते, हे मोजायचं कसं

नवी मुंबईतल्या महापेत मोटारींच्या रडारचं काम करताना एक गोष्ट मला सतत डाचायची. मोजमाप नेहमी मोटारींचं व्हायचं. तुर्भ्याच्या मार्केटबाहेर पहाटेच्या अंधारात गोणी घेऊन निघणाऱ्या हातगाडीचं कोणी करायचं नाही. शेवटी रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरचं यार्ड रविवारपुरतं मागून घेतलं.

रडार ७६ ते ७७ गीगाहर्ट्झचं, तयार वाहन-मॉड्यूलच घ्या. या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या वाहन-रडारला २०१५पासून आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही.

मोजायचं ते आरसीएस, म्हणजे वस्तू रडारच्या लहरी त्याच्याकडे किती जोरात परतवते ते. एकक चौरस मीटर, पण वस्तूच्या आकारमानावरून त्याचा अंदाज बांधू नका. इथे लहरीची लांबी जेमतेम ३.९ मिलिमीटर. १० सेंटिमीटर बाजूचा सपाट चौकोनी पत्रा बरोबर समोर धरला तर तो ८२ चौरस मीटर भरतो! तोच एका अंशाहून जरासा जास्त कलला की जवळपास दिसेनासा होतो. पंधरा मीटरवर ठेवून एकदा करून बघाच. पत्र्याची कड बोटाने हलकेच ढकलली की स्क्रीनवरचा सुळका बसतो. हातगाडीचा आकडा कोनागणिक का नाचतो, ते मला या पत्र्यानेच शिकवलं.

म्हणून तुलनेला असा कॉर्नर रिफ्लेक्टर हवा, जो थोडा कलला तरी फारसा बदलत नाही. ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे घ्या, काटकोनाच्या बाजू ५ सेंटिमीटर, आणि खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात जोडा. गुण्या लावून तिन्ही कोन तपासा, इथे घाई नको. याचं आरसीएस गणिताने निघतं: १.७ चौरस मीटर, म्हणजे २.३ डीबीएसएम (एक चौरस मीटरच्या तुलनेत मोजलेले डेसिबल).

रिफ्लेक्टर थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवा, थर्माकोल रडारला जवळजवळ दिसतच नाही. मी पहिल्या रविवारी स्टीलचं स्टूल वापरलं आणि दिवसभर स्टूलच मोजत बसलो.

क्रम असा: आधी रिकामं यार्ड, मग रिफ्लेक्टर, मग गाडी. तिन्ही वेळा रडारचं सेटिंग तेच आणि अंतर तेच. रिकाम्या यार्डाचा सिग्नल दोन्हींतून वजा करायचा, कारण कुंपणाचा पत्राही परतावा देतो. अंतर बदललं तर चौथ्या घाताचा हिशेब लागतो. दुप्पट अंतरावर परतावा सोळावा हिस्सा. जमिनीवरून उसळून येणारी लहरही घोळ घालते, म्हणून रिफ्लेक्टर तीन-चार उंचींवर मोजून सरासरी घ्या.

१ गीगाहर्ट्झ बँडविड्थला (म्हणजे रडार वापरतं त्या वारंवारतेच्या पट्ट्याच्या रुंदीला) रडार अंतराचे १५ सेंटिमीटरचे कप्पे पाडतं. गाडी त्यातल्या अनेक कप्प्यांत पसरते. त्या सगळ्यांची शक्ती बेरजेत घ्या, पण डेसिबल थेट मिळवू नका. आधी साध्या आकड्यांत उतरवा. समजा, बेरीज रिफ्लेक्टरपेक्षा ५ डेसिबल कमी आली, तर उणे २.७ डीबीएसएम, म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर.

मग गाडी फिरवा, दर ५ अंशांना एक असे ७२ आकडे. जमिनीवर खडूने वर्तुळ आखा, गाडीच्या पुढच्या टोकाला ओळंबा सोडा. आमच्या हातगाडीवाल्या मामांना मी म्हणत होतो, "मामा, अजून थोडी डावीकडे." तिसाव्या आकड्याला ते म्हणाले, "अरे, मी बाजूला उभा राहू की गाडीमागे? ढकलणारा माणूस पण दिसायला पाहिजे ना!" बरोबर होतं त्यांचं. माणसाकडूनही परतावा येतो. तेव्हापासून प्रत्येक फेरी दोनदा करतो: मामांसकट आणि मामांशिवाय. रिकामी आणि भरलेली गाडीही वेगळी मोजा.

रिक्षा मोजायला घ्याल तेव्हा हूड कोरडं आहे ना ते बघा. कोरड्या रेक्झिनमधून लहर बरीचशी आरपार जाते आणि आतली लोखंडी चौकट दिसते. ओल्या रेक्झिनचा आकडा निराळाच येतो. पहाटेचं दव पुसून घ्या.

आकड्याशेजारी अंतर लिहाच. १.२ मीटर रुंदीच्या हातगाडीसाठी खरंखुरं दूरचं मोजमाप, म्हणजे जिथे लहरी गाडीवर जवळपास सपाट होऊन पोचतात तिथलं, पाऊण किलोमीटरवरून करावं लागेल, तेवढं यार्ड आपल्याकडे नाही. त्यामुळे आमच्या वहीत "वीस मीटरवरून" हे प्रत्येक पानाच्या डोक्यावर असतं.

आवरण्याआधी रिफ्लेक्टर पुन्हा त्याच जागी ठेवून मोजा. सकाळच्या आकड्यापासून एक डेसिबलहून जास्त सरकला असेल, तर त्या दिवसाचं पान खोडा आणि पुढच्या रविवारी मामांना परत बोलवा.