हवा, हवामान आणि हिमयुग शाळेच्या अंगणात कसे मोजावे

बातम्यांत ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतात, पण उद्या पाऊस येईल का, हे सांगणे म्हणजे खरे तर हवेचा अंदाज. हवा तासातासाला बदलते. हवामान म्हणजे त्याच हवेच्या निदान ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी. पाठ्यपुस्तकात हा फरक दोन ओळींत असतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. स्वतः मोजले की राहतो.

सुरुवात पावसापासून करा, कारण त्याचे साधन फुकटात होते. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या. निमुळता भाग संपून बाटली सरळ होते, त्याच्या बोटभर खाली कापा. झाकण काढा आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. दोन्ही कडा एका पातळीत आणून बाहेरून चिकटपट्टी लावा. नरसाळे विसरू नका. उघड्या बाटलीतले पाणी उघडीप मिळताच उडून जाते आणि पाऊस कमी भरतो.

बाटलीला पट्टी लावून उंची वाचू नका. तळाला खळगे असतात, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर हमखास चुकतात. त्यापेक्षा पाणी मोजा. तोंडाचा व्यास ११ सेंमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला ९.५ मिली पाणी. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या आणि पाणी ओढत मोजा. १९० मिली निघाले तर २० मिमी पाऊस झाला. व्यास वेगळा असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ करा आणि उत्तराला १० ने भागा. तेवढ्या मिलीला १ मिमी.

बाटली चार विटांच्या मधे घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच वादळी पावसात आडवी होईल. तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच ठेवा. त्याहून खाली असले तर चिखलाचे शिंतोडे आत येतात. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा. नोंद रोज सकाळी ८.३० लाच करा. हवामान खातेही त्याच वेळी मोजते आणि २.५ मिमी किंवा जास्त पाऊस असेल तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरते.

तापमापकाच्या बाबतीत खानदेशात एकच चूक सर्रास होते: तो वर्गाच्या भिंतीला किंवा पत्र्याखाली टांगला जातो. मे महिन्यात तो मग पत्र्याची धग दाखवतो, हवेची नाही. जाळीदार लाकडी खोक्याला पांढरा रंग द्या, झडप उत्तरेकडे ठेवा आणि तापमापक जमिनीपासून साधारण दीड मीटरवर बसवा. उत्तरेची बाजूही वर्षभर सुरक्षित नसते. जळगाव-धुळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. झडप वाचनापुरतीच उघडा.

वर्षभराच्या नोंदी झाल्या की महिनावार सरासरी काढा. ते हवामान नव्हे, हे मुलांना ठासून सांगावे लागते. एका वर्षी भुसावळात पारा ४५ च्या पुढे गेला, किंवा थंडीच्या लाटेने रावेर-यावलच्या केळीला चरका लागला, तर ती त्या वर्षाची हवा. असे वारंवार होऊ लागले आणि ३० वर्षांची सरासरीच सरकली, तर हवामान बदलले.

आता हिमयुग. इथे आकडे इतके मोठे होतात की दोरी लागते. अडीच मीटर सुतळी घ्या आणि १०० वर्षांना १ सेंमी धरा. एक टोक म्हणजे आज. हवामानाची ३० वर्षे त्यावर फक्त ३ मिमी होतात; तेवढ्यावर लाल शाई लावा. ११७ सेंमीवर गाठ मारा: ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचा हिमकाल, म्हणजे हिमयुगातला बर्फ पसरण्याचा टप्पा, संपला. दुसरी गाठ २०० सेंमीवर. त्या सुमारास बर्फ सर्वांत जास्त पसरलेला होता, पृथ्वीचे सरासरी तापमान ५ ते ६ अंशांनी कमी होते आणि समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. खंबातचे आखात उथळ असल्यामुळे ते कोरडे पडले होते आणि तापीला समुद्र गाठायला आजच्या सुरतेच्या बराच पुढे जावे लागे.

समुद्र खाली का गेला, हे दोन काचेच्या भांड्यांत दिसते. एकात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवा, दुसऱ्यात तितकाच बर्फ नुसता तरंगू द्या. बर्फ ठेवल्यावर लगेच पातळीची खूण करा. वितळल्यावर पहिल्यात पाणी चढते, दुसऱ्यात जवळपास हलत नाही. हिमकालात उलटे घडले: पाणी जमिनीवर बर्फ होऊन अडकले. दगडावरचा बर्फ घसरून पाण्यात पडला तर प्रयोग फसतो, म्हणून वरून सपाट दगड निवडा.

बर्फ वाढतो आणि हटतो, त्याचे वेळापत्रक बरेचसे पृथ्वीच्या हालचाली ठरवतात. आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांत बदलतो, कक्षेचा आकार सुमारे १ लाख वर्षांत. हे गणित सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी मांडले.

खानदेशात हिमनद्या नव्हत्या. इथे पडसाद पावसात उमटले. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची टरफले सापडली, एका तुकड्यावर तर रेघा कोरलेल्या आहेत. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे. शहामृग कोरड्या, मोकळ्या गवताळ रानातला पक्षी. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला, २५० सेंमीवर, अंड्याच्या कवचाचा तुकडा बांधा.