गावच्या प्रिंटरवर दुसऱ्या शहरातून प्रिंट कशी काढायची

आई-बाबा गावी आणि तुम्ही पुण्यात किंवा परदेशात, आणि त्यांना फॉर्मची प्रिंट हवीय, तर व्हॉट्सॅपवर पाठवून त्यांना झेरॉक्सच्या दुकानात पिटाळायची गरज नाही. गूगल क्लाउड प्रिंट, म्हणजे नेटवरून दूरच्या प्रिंटरवर प्रिंट काढायची गूगलची सोय, डिसेंबर २०२० च्या शेवटी बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका. आता प्रिंटर कंपन्यांची स्वतःची सोय वापरायची. एप्सनच्या बऱ्याच वायफाय मॉडेल्सना एप्सन कनेक्ट या कंपनीच्या ऑनलाइन सेवेत रजिस्टर केलं की प्रिंटरला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो, त्यावर पीडीएफ जोडून मेल टाकला की तिकडे कागद बाहेर येतो, फक्त प्रिंटर चालू आणि नेटला जोडलेला हवा एवढंच. घेण्याआधी आपल्या मॉडेलला ही सोय आहे का ते मात्र बघाच.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, तो पत्ता ज्याला माहीत असेल तो कोणीही प्रिंट पाठवू शकतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फक्त घरातल्यांचेच ईमेल मंजूर यादीत टाका, हे पहिल्याच दिवशी करा प्लीज, राहून जातं.

आणि ई-आधारची पीडीएफ पासवर्डवाली असते, ती अशी मेलने छापली जात नाही, आधी आपल्याकडे पासवर्ड टाकून उघडायची, प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह ॲज पीडीएफ' करायची आणि ती नवी फाइल पाठवायची. शक्यतो मास्क्ड आधारच घ्या, त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि मेल टाकल्यावर घरी एक फोन करून कागद लगेच उचलायला सांगा.