जुन्या मॅकबुकवर नवं मॅकओएस अडकलं? पुसू नका, आधी कुठे अडकलं ते बघा

2012च्या 13 इंची (रेटिना स्क्रीन नसलेल्या) मॅकबुक प्रोला ॲपलने अधिकृतपणे कॅटॅलिना या मॅकओएस आवृत्तीपर्यंतच नेलं, आणि कॅटॅलिनाचे सुरक्षा अपडेट 2022 मध्ये थांबले. लॅपटॉप मात्र अजून ठणठणीत असतो. रॅम 16 जीबीपर्यंत वाढवता येते, डिस्क बदलता येते, कीबोर्ड तर आजही हाताला छान लागतो. असं यंत्र भंगारात द्यायला मन होत नाही. म्हणून अनेक जण ओपनकोअर लेगसी पॅचर हा मोफत प्रोग्राम वापरून त्यावर सोनोमा किंवा सिकोया या नव्या आवृत्त्या टाकतात. ॲपलचा याला पाठिंबा नाही, त्यामुळे अडलं तर निस्तरायचं आपणच.

अडलं की बहुतेक जण घाबरून सगळं पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यात दिवस जातो आणि तीच चूक परत होते. गाडी कुठे थांबली यावरून कारण कळतं, म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी 1: हात लावण्याआधी

टाइम मशीन या मॅकमधल्याच प्रोग्रामने पूर्ण बॅकअप घ्या. 32 जीबीचा चांगला पेनड्राइव्ह घ्या, पॅचर त्यावर मॅकओएसचा इन्स्टॉलर आणि तो सुरू करून देणारा ओपनकोअर टाकतो. पॅचर त्याच्या गिटहबवरच्या मूळ पानावरूनच उतरवा. हा प्रोग्राम सिस्टिमचं संरक्षण काही अंशी सैल करतो, त्यामुळे तो कुठून आला हे महत्त्वाचं आहे.

पायरी 2: गोलात तिरकी रेघ दिसते

लॅपटॉप सुरू करताना ऑप्शन की दाबून ठेवली की डिस्कची चित्रं येतात. इथे मॅकओएसच्या इन्स्टॉलरवर थेट क्लिक केलं की ही निषेधाची खूण येते. आधी ‘ईएफआय बूट’ निवडायचं, मग ओपनकोअरचा स्वतःचा मेनू येतो, आणि इन्स्टॉलर त्या मेनूतून निवडायचा. ‘ईएफआय बूट’ निवडताना कंट्रोल की दाबून ठेवली तर ती निवड कायमची होते.

इन्स्टॉल चालू असताना लॅपटॉप तीन-चार वेळा रिस्टार्ट होतो. पहिल्या रिस्टार्टनंतर पेनड्राइव्हचा इन्स्टॉलर पुन्हा निवडू नका, ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ नावाची आतल्या डिस्कची नोंद निवडा. तेच तेच स्वागताचं पान परत परत येत असेल, तर चूक हीच आहे.

इन्स्टॉलर खराब झाला आहे असा संदेश आला तर तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरलेल्या लॅपटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते.

पायरी 3: दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबतं

एकदा पट्टी अर्ध्यावर थांबते, एकदा शेवटी. कधी डिस्क युटिलिटीत डिस्कच दिसत नाही, कधी प्रश्नचिन्हाचं फोल्डर येतं. इथे सॉफ्टवेअरशी झुंजण्यात अर्थ नाही. या मॉडेलमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी चपटी केबल ॲल्युमिनियमच्या बॉडीला घासत जाते, कोपऱ्यात तीव्र वळते आणि आतून झिजते. वरून ती धडधाकट दिसते, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. खालचं झाकण दहा स्क्रूंनी बसवलेलं असतं, त्यातले तीन लांब असतात. कोणता स्क्रू कुठला हे लक्षात राहावं म्हणून काढतानाच ते कागदावर त्याच मांडणीत ठेवा. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. डिस्क काढून बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घाला, बॅटरी परत जोडा आणि त्या डिस्कवर इन्स्टॉल करून पाहा. बाहेरून सुरळीत झालं तर डिस्क चांगली आहे आणि दोष केबलचा आहे.

नवी केबल घेताना 821-2049-ए हा क्रमांक पाहा. 2011च्या मॉडेलची केबल दिसायला तशीच असली तरी वेगळी आहे. बसवताना केबलखाली, जिथे ती धातूला टेकते तिथे, इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि केबलचं आयुष्य त्याने वाढतं.

आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर याच वेळी एसएसडी बसवा. नवं मॅकओएस हार्ड डिस्कवर इतकं रेंगाळतं की ते अडकलंय की चालू आहे, हेच समजत नाही.

पायरी 4: डेस्कटॉप आला, पण काहीच धड चालत नाही

खिडक्या अडखळत सरकतात, डॉकचा पारदर्शकपणा गायब, ब्राइटनेस बदलत नाही, वायफाय दिसत नाही. इन्स्टॉल फसलं असं वाटतं, पण ते फसलेलं नाही, अर्धं झालेलं आहे. दोन कामं राहिली आहेत.

पॅचर उघडा, ‘बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर’ निवडा आणि ओपनकोअर आतल्या डिस्कवर टाका. हे न करता पेनड्राइव्ह काढला तर पुढच्या वेळी तीच तिरकी रेघ दिसेल. मग ‘पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच’ चालवा. जुन्या इंटेल ग्राफिक्सचे आणि वायफायचे ड्रायव्हर ॲपलने काढून टाकलेत, ते इथे परत बसतात. पॅचरला काही फायली नेटवरून लागू शकतात, आणि वायफाय तर अजून बंद असतं. पण या लॅपटॉपला इथरनेटचं पोर्ट आहे. राउटरपासून केबल ओढा आणि काम उरका.

पायरी 5: पॅचनंतर काळी स्क्रीन

ओपनकोअरच्या मेनूत शिफ्ट दाबून ठेवून डिस्क निवडा. लॅपटॉप सेफ मोडमध्ये येईल. तिथे पॅचर उघडून रूट पॅच काढा, पॅचरची ताजी आवृत्ती घ्या आणि पुन्हा पॅच करा. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही.

पायरी 6: अपडेट

आपोआप होणारे अपडेट आजच बंद करा. प्रत्येक अपडेट रूट पॅच पुसून टाकतो, आणि सकाळी कामाला बसल्यावर वायफाय गायब असतं. अपडेट करायचा तेव्हा आधी पॅचर अद्ययावत करा, त्यातूनच ओपनकोअर पुन्हा डिस्कवर टाका, मग मॅकओएस, मग पुन्हा रूट पॅच. सिस्टिमचं मूळ सील मोडलेलं असल्यामुळे छोटा अपडेटसुद्धा पूर्ण आकारात, म्हणजे दहा जीबीहून मोठा उतरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो सुरू करू नका. रात्री चार्जर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पॅच करायला अर्धा तास हाताशी ठेवा.