उद्या इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर? आज रात्री या चुका टाळा

सेमिस्टरभर अभ्यास का केला नाही, यावर इथे प्रवचन नाही. ते घरी ऐकून झालं असेल, आणि एव्हाना त्याचा उपयोगही नाही. मी स्वतः डिप्लोमाला असताना याच विषयाची केटी (नापास झाल्यावर पुन्हा द्यावी लागणारी परीक्षा) काढली आहे. पुढे शिकवायला लागल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही तपासले. तेव्हा लक्षात आलं, की आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांचे मार्क वेळ कमी पडल्यामुळे जातात त्यापेक्षा जास्त चुकीच्या पद्धतीने रट्टा मारल्यामुळे जातात. आणि त्या चुका वर्षानुवर्षं त्याच असतात.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, म्हणजे एमएसबीटीईचा, डिप्लोमाचा पेपर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. डिग्रीवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

पेपर न बघता पुस्तक उघडणं

रात्री आठ वाजता पहिल्या युनिटच्या पहिल्या पानापासून सुरुवात करणारे हमखास असतात. एक वाजेपर्यंत त्यांचा पी-एन जंक्शन अगदी चोख होतो. ऑसिलेटरचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नसतं.

आधी पेपरची रचना बघा. थिअरी ७० मार्कांची, वेळ तीन तास. पहिल्या प्रश्नात दोन-दोन मार्कांचे पाच, म्हणजे १०. मधल्या तीन प्रश्नांत चार-चार मार्कांचे तीन-तीन, म्हणजे ३६. शेवटच्या दोन प्रश्नांत सहा-सहा मार्कांचे दोन-दोन, म्हणजे २४. निम्म्याहून जास्त पेपर चार मार्कांच्या प्रश्नांचा आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चार मार्कांचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: एक आकृती, जमल्यास वेव्हफॉर्म, आणि पाच-सात ओळी. आज रात्री तयार करायचा माल हाच.

मंडळाच्या साइटवर जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर असतात. सगळे थेट उत्तरांवर उडी मारतात. सुरुवातीला परीक्षकांसाठी ज्या सूचना असतात त्या वाचणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. उत्तर शब्दाला शब्द जुळवून न तपासता मुद्द्याचे शब्द बघावेत, आकृतीत मुख्य घटक दाखवले असतील तर गुण द्यावेत, गणितात पायरीनुसार गुण द्यावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. पाठ केलेला परिच्छेद तसाच्या तसा उतरवण्यात रात्र घालवायची गरज नाही, हे कळायला तेवढं वाचन पुरतं.

समर आणि विंटरचे मागचे चार पेपर समोर ठेवा आणि परत परत आलेल्या आकृत्यांवर खूण करा. अर्धा तास जाईल, पण हा अर्धा तास वाचवू नका.

सर्किट डोळ्यांनी पाठ करणं

माझी केटी याच चुकीमुळे लागली होती. झेनर व्होल्टेज रेग्युलेटरची आकृती मी निदान दहा वेळा पाहिली होती, आणि पेपरात झेनर उलटा काढला. फॉरवर्ड बायसमध्ये. खाली मात्र इमानेइतबारे लिहिलं, ‘झेनर डायोड रिव्हर्स बायसमध्ये काम करतो.’ तपासणाऱ्याची करमणूक झाली असणार.

पुस्तकातली आकृती बघितली की ती ओळखीची वाटते, आणि ओळखीची वाटली की आपल्याला येते असं वाटतं. कोऱ्या कागदावर काढायला बसलं की समजतं, बाणाची दिशा आठवत नाहीये. म्हणून पद्धत उलटी करा. आकृती एक मिनिट बघा, पुस्तक बंद करा, काढा, मग ताडून बघा. चुकली तर फक्त चुकलेली जागा लाल पेनने गोल करा, आणि दहा मिनिटांनी तीच आकृती परत काढा. रफ वही भरली पाहिजे. पुस्तकावर हायलायटर फिरवून काही होत नाही.

आकृतीचं चित्र लक्षात ठेवण्याऐवजी तिच्यातला एखादा नियम लक्षात ठेवलात तर ती हॉलमध्ये तपासताही येते. काही नेहमीच्या फसवणाऱ्या जागा सांगतो.

ब्रिज रेक्टिफायरमध्ये चार डायोड असतात आणि निम्म्या वर्गाचा एक तरी उलटा पडतो. नियम सोपा आहे: लोडच्या प्लस टोकाला दोन कॅथोड एकत्र येतात, मायनस टोकाला दोन अॅनोड. उरलेल्या दोन कोपऱ्यांत एक अॅनोड आणि एक कॅथोड भेटतात, आणि ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी तिथेच जोडायची. मग पेन्सिलीने एका हाफ सायकलचा करंट फिरवून बघा. तो दोन डायोडमधून जाऊन लोडमध्ये वरून खाली गेला पाहिजे. दुसऱ्या हाफ सायकललाही लोडमधून त्याच दिशेने गेला, तर आकृती बरोबर.

ऑप-अँपमध्ये प्लस-मायनसची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. अॅम्प्लिफायर असेल, मग तो इन्व्हर्टिंग असो की नॉन-इन्व्हर्टिंग, आउटपुटकडून येणारा फीडबॅक रेझिस्टर मायनसलाच जातो. फरक इतकाच, की सिग्नल कुठे द्यायचा. फीडबॅक प्लसला गेला की तो श्मिट ट्रिगरच्या वळणावर गेला. इन्व्हर्टिंगचं उत्तर लिहून आकृतीत श्मिट ट्रिगर काढलेले पेपर मी बरेच पाहिलेत.

ट्रान्झिस्टरच्या बाणासाठी वर्गात चालणारी जुनी युक्ती अजून कामाची आहे: एनपीएन म्हणजे ‘नॉट पॉइंटिंग इन’. बाण बाहेर.

सूत्रं सुटी सुटी पाठ करणं

५५५ टायमरचंच घ्या. १.१, ०.६९३, १.४४ हे तीन आकडे तीन वेगळ्या ठिकाणी पाठ करायला जाल, तर उद्या नक्की गल्लत होईल. ते आले कुठून हे पाच मिनिटांत बघितलं, तर पाठच करावे लागणार नाहीत.

मोनोस्टेबलमध्ये कपॅसिटर शून्यापासून सप्लायच्या दोन-तृतीयांशापर्यंत चार्ज होतो. म्हणजे शेवटी एक-तृतीयांश अंतर उरतं. ३ चा नॅचरल लॉग १.०९८६, म्हणून वेळ = १.१ × आर × सी. अस्टेबलमध्ये तोच कपॅसिटर एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश यांच्यामध्ये झोके घेतो. चार्ज होताना उरलेलं अंतर निम्मं होतं, म्हणून २ चा नॅचरल लॉग, ०.६९३. चार्ज होताना करंट आरए आणि आरबी दोन्हींतून येतो, डिस्चार्ज होताना फक्त आरबीतून जातो. दोन्ही वेळा मिळवल्या की आरए + २ आरबी आपोआप तयार होतं. आणि १ ला ०.६९३ ने भागलं की १.४४.

एक उदाहरण हाताने करून ठेवा. आरए १ किलोओहम, आरबी १० किलोओहम, सी ०.१ मायक्रोफॅरड. आरए + २ आरबी झालं २१ किलोओहम, त्याला सी ने गुणलं की २.१ मिलिसेकंद. १.४४ ÷ २.१ मिलिसेकंद = साधारण ६८६ हर्ट्झ. ड्युटी सायकल ११ ÷ २१, म्हणजे ५२.४ टक्के. या साध्या जोडणीत ड्युटी सायकल ५० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, कारण चार्जिंगच्या वाटेवर आरए जास्तीचा आहे. तुमचं उत्तर ४८ आलं, तर भागाकार उलटा झालाय.

रेक्टिफायरच्या गणितात खड्डा वेगळ्या ठिकाणी आहे. ‘सेकंडरी १२ व्होल्ट’ म्हणजे आरएमएस. पीक, म्हणजे व्हीएम, काढायला त्याला १.४१४ ने गुणायचं, ते १६.९७ व्होल्ट. ब्रिजचा आदर्श डीसी आउटपुट २ व्हीएम भागिले पाय, म्हणजे १०.८ व्होल्ट. थेट १२ टाकणाऱ्याला ७.६४ मिळतात, आणि पुढचं सगळंच चुकतं. पीआयव्हीही (डायोडवर उलट्या दिशेने येणारं कमाल व्होल्टेज) लगे हाथ बघून घ्या: हाफ वेव्ह आणि ब्रिजला व्हीएम, सेंटर टॅपला २ व्हीएम, आणि तिथे व्हीएम म्हणजे अर्ध्या वाइंडिंगचा. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरला डायोडवर सुमारे ३४ व्होल्ट येतात.

हाफ वेव्ह आणि फुल वेव्ह, याच क्रमाने: रिपल फॅक्टर १.२१ आणि ०.४८, एफिशियन्सी ४०.६ आणि ८१.२ टक्के. हे तेवढे घोका. दोन मार्कांच्या प्रश्नांत ते येतात, आणि आत्ता त्यांची सिद्धता बघत बसायला वेळ नाही.

मिली, किलो, मायक्रो

मिलिअँप × किलोओहम = व्होल्ट. हे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सगळं मूळ एककात आणून दहाचे घात सांभाळत बसण्यापेक्षा यात चुका फार कमी होतात.

फिक्स्ड बायसचं गणित बघा. सप्लाय १२ व्होल्ट, बेस रेझिस्टर ५६५ किलोओहम, बीटा १००, कलेक्टर रेझिस्टर ३ किलोओहम. आधी १२ मधून ०.७ वजा करायचे. विसरणारे इथेच विसरतात. ११.३ ÷ ५६५ किलोओहम = २० मायक्रोअँप. त्याची शंभरपट २ मिलिअँप. ३ किलोओहमवर पडले ६ व्होल्ट, म्हणून कलेक्टर-एमिटर व्होल्टेज ६ व्होल्ट. हा आकडा नेहमी शून्य आणि सप्लाय यांच्यामध्येच असला पाहिजे. कलेक्टर रेझिस्टर १० किलोओहम दिला असता तर सूत्राने उणे ८ आले असते. ते उत्तर म्हणून लिहू नका. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये गेलाय, असं लिहा. तसंच ७४१ या ऑप-अँपला ±१५ व्होल्ट सप्लाय देऊन आउटपुट २० व्होल्ट आलं, तर ते येणारच नाही. तो सप्लायच्या थोडा अलीकडेच अडकतो.

डेसिबल काढताना कॅल्क्युलेटरचं ‘लॉग’ बटण दाबायचं. शेजारचं नॅचरल लॉगचं दाबलंत, तर १०० गेनचे ४० डेसिबलऐवजी ९२ येतील. व्होल्टेजला २० ने गुणायचं, पॉवरला १० ने.

डिजिटलवाल्यांसाठी थोडक्यात

के-मॅपच्या रकान्यांचा क्रम ००, ०१, ११, १०. सवयीने ००, ०१, १०, ११ लिहिलंत तर गट चुकीचे पडतात, आणि पुढे कितीही नीट सोडवलं तरी उपयोग नाही. शेजारच्या दोन घरांत एकच बिट बदलला पाहिजे, एवढं तपासा. नँड आणि नॉरचा छोटा गोल घाईत सुटतो. तो नसला की तो अँड आणि ऑर. जेके फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन्ही इनपुट १ असताना टॉगल होतं, एसआरमध्ये तीच अवस्था वर्ज्य. तक्ते शेजारी शेजारी लिहून बघा, वेगवेगळ्या पानांवर नको.

ग्रुपवरची आयएमपी यादी

साडेदहाला कुणीतरी ‘फिक्स येणार’ म्हणून महत्त्वाच्या प्रश्नांच्या यादीचा एक फोटो टाकतो. तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या स्कीमचा, कुणाला माहीत नसतं. त्यातलं अर्धं तुमच्या अभ्यासक्रमात नसतं, तरी रात्री बारा वाजता पोटात गोळा येतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वन-शॉट व्हिडिओ बघायचाच असेल तर एकाच न समजलेल्या मुद्द्यासाठी बघा. दीडपट वेगाने तीन तास बघून हातून एकही आकृती निघत नाही.

अख्खी नाईट मारू नका. चार-पाच तास तरी झोपा. न झोपलेल्या डोक्याला सूत्र आठवतं, पण भागाकार करताना ते घसरतं, आणि या विषयात भागाकार खूप आहेत.

हॉलमध्ये अडलं तर

सूत्र आठवत नसेल तर दिलेल्या किमती, काय काढायचंय ते, आणि आकृती, एवढं आधी लिहा. पायरीचे मार्क तिथूनच सुरू होतात. दोन सूत्रांमध्ये शंका असेल तर एककं ताडून बघा: आर गुणिले सी म्हणजे सेकंद, त्यामुळे फ्रिक्वेन्सीच्या सूत्रात तो गुणाकार खालीच असणार.

आकृती अर्धवट आठवत असेल तर सप्लाय, ग्राउंड, इनपुट, आउटपुट आधी मांडा, मधला भाग बहुतेक वेळा मागून येतो. नाहीच आला, तर ब्लॉक डायग्राम काढा आणि प्रत्येक चौकटीपुढे एक ओळ लिहा. पान कोरं सोडू नका.

एखादी किंमत दिलेलीच नसेल तर गोंधळू नका. ‘आवश्यक तेथे योग्य माहिती गृहीत धरा’ ही सूचना पेपरावर असते. सिलिकॉन म्हणून ०.७ व्होल्ट गृहीत धरले, असं लिहून पुढे जा. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करायचा, हीही सूचना तिथेच असते आणि तीही कुणी वाचत नाही. (पेजर आणू नये, असंही त्याच यादीत लिहिलेलं मी वर्षानुवर्षं वाचलंय. पेजर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत असेल, देव जाणे.)

रेक्टिफायर, क्लिपर, क्लॅम्पर, ५५५: यांच्या आकृतीखाली इनपुट-आउटपुट वेव्हफॉर्म एकाखाली एक काढा, वेळेची अक्षं जुळवून. विचारलं नसलं तरी काढा. बोलकं उत्तर लिहायला जमत नसेल, तर वेव्हफॉर्म तेच काम करतो.

शेवटची दहा मिनिटं नवा प्रश्न सुरू करण्यात घालवू नका. मागे जा आणि फक्त चिन्हं बघा: डायोडचा बाण, ट्रान्झिस्टरचा बाण, ऑप-अँपचे प्लस-मायनस, गेटचा गोल, उत्तरापुढचं एकक. आणि हो, झेनर असेल तर त्याचा कॅथोड प्लसकडे आहे का, ते एकदा बघाच.