बायथलॉनची शर्यत चार जणांत बसून कशी पाहावी

क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांची सांगड घालणारा बायथलॉन हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, आणि जो पाहू लागतो तो बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळून दुसरे काही लावतो. पाठीला रायफल बांधलेली माणसे बर्फावरून धावत असतात, मध्येच आडवी होऊन गोळ्या झाडतात, काही जण तडक पुढे निघून जातात, काही जण एका लहानशा वर्तुळात फेऱ्या मारत राहतात, आणि पुढे नेमके कोण आहे याचा पत्ता लागत नाही. एकट्याने पाहताना हा गोंधळ वाढतो आणि तीन-चार जणांत तो हळूहळू मिटतो, कारण या शर्यतीचा सगळा रस चुकलेल्या नेमांचे सेकंद करण्यात आहे आणि तो हिशेब मोठ्याने बोलून करण्याजोगा आहे.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करावी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील 50 मीटरचे अंतर आणि .22 बोअरची गोळी हीच बायथलॉनमध्येही असते. कुसाळेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते, तर बायथलॉनमध्ये पडून नेम धरताना लक्ष्याचा व्यास 45 मिलिमीटर आणि उभ्याने नेम धरताना 115 मिलिमीटर असतो. हे आकडे ऐकून नवख्याला हा खेळ सोपा वाटतो. परंतु कुसाळेला श्वास स्थिर करायला सवड असते. बायथलॉनचा खेळाडू मात्र दोन-तीन किलोमीटरचे चढउतार कापून, छातीचा भाता चालू असतानाच, किमान साडेतीन किलो वजनाची रायफल खांद्याला लावतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पाच गोळ्या झाडून उठतो. एवढे एकदा सांगितले की शेजारी बसलेला माणूस पडद्याकडे नीट पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे.

यानंतर दंडाचा हिशेब समजून घ्यावा, कारण बाकी सर्व त्याच्यावर उभे आहे. पाचपैकी जितके नेम चुकतील तितक्या वेळा खेळाडूला 150 मीटरची दंडफेरी मारावी लागते आणि एका फेरीत साधारण 22 ते 25 सेकंद जातात. म्हणजे उभ्याने दोन नेम चुकले की पाऊण मिनिट गेले, असे तत्काळ म्हणता आले पाहिजे. फेरी मारायला विसरल्यास प्रत्येक विसरलेल्या फेरीमागे दोन मिनिटे वाढवली जातात. इंडिव्हिज्युअल या सर्वांत जुन्या प्रकारात मात्र दंडफेरी नसून प्रत्येक चुकीमागे एक पूर्ण मिनिट वेळेत मिळवले जाते, त्यामुळे तिथे संथ पण अचूक खेळाडूला संधी असते. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 1960 साली प्रथम आला तेव्हा तर चुकीमागे दोन मिनिटे होती. त्या शर्यतीत सर्वांत वेगाने धावलेल्या फ्रेंच खेळाडूचे वीसपैकी अठरा नेम चुकले आणि स्वीडनच्या क्लास लेस्टांडरने वीसच्या वीस लावून सुवर्णपदक नेले.

कोणत्या प्रकारापासून आरंभ करावा याबद्दल माझे मत ठाम आहे: पहिली शर्यत परस्यूटची पाहावी. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत आलेले पहिले साठ खेळाडू त्या शर्यतीत पडलेल्या वेळेच्या फरकानेच इथे सुटतात, त्यामुळे जो पुढे दिसतो तो खरोखरच पुढे असतो आणि जो रेषा आधी ओलांडतो तोच जिंकतो. शिवाय नेमबाजीचे चार टप्पे असतात, दोन पडून आणि मग दोन उभ्याने, त्यामुळे नाट्य शेवटाकडे चढत जाते. मास स्टार्ट ही तीस निवडक खेळाडूंची एकत्र सुटणारी शर्यत त्यानंतर पाहावी. रिले पाहताना इतके लक्षात ठेवावे की प्रत्येक टप्प्यावर तीन जादा गोळ्या मिळतात, पण त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात. गारठलेल्या बोटांतून ती चिमुकली गोळी निसटली की घरबसल्या आपलाच जीव वरखाली होतो.

स्प्रिंट दिसायला साधी आणि पाहायला अवघड असते. पुरुषांसाठी 10 आणि स्त्रियांसाठी 7.5 किलोमीटरच्या या शर्यतीत खेळाडू तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. समजा, बारा क्रमांकाचा खेळाडू एकही नेम न चुकवता शर्यत संपवून हसत उभा आहे. तरी अठ्ठेचाळीस क्रमांकाचा खेळाडू त्याच्यानंतर अठरा मिनिटांनी सुटलेला असतो आणि त्याची शर्यत अजून चालू असते. अशा वेळी कोण कुठे दिसतो याकडे दुर्लक्ष करून ठरावीक टप्प्यांवरच्या वेळांची तुलना करावी लागते. आमच्याकडे एक जण कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि प्रत्येक नेमबाजीनंतर पहिल्या पाच जणांमधील अंतर लिहून ठेवतो. फोनवर अधिकृत निकाल क्षणोक्षणी दिसत असले तरी हा कागद असावा, कारण गप्पा कागदाभोवती जमतात. फोन हातात आला की ज्याचा तो त्यात डोके घालतो.

आता नेमबाजीच्या त्या अर्ध्या मिनिटात काय पाहायचे ते सांगतो. खेळाडू चटईवर येताच काठ्या बाजूला पडतात, रायफल पाठीवरून पुढे येते आणि त्याच क्षणी नजर त्याच्या छातीकडे न्यावी. दोन मोठे श्वास, मग एक अर्धवट सोडलेला श्वास, आणि गोळी. पुढच्या गोळीसाठी तो अंगठा आणि तर्जनीने बोल्ट मागेपुढे करतो, त्याचा ठेका कानांनी पकडावा. काळा ठिपका पांढरा झाला की नेम लागला. चार गोळ्या एका ठेक्यात गेल्या आणि पाचवीआधी तो थबकला, की समजावे डोक्यात विचार शिरला. त्या थांब्यावर आमच्या घरात चहाच्या पैजा लागतात. पडून नेम धरताना एखाद्या कसलेल्या खेळाडूचे लागोपाठ दोन नेम चुकले तर दोष त्याच्या हाताला देण्यापूर्वी मैदानातील वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे पाहावे. शर्यतीपूर्वी सर्व जण त्या वेळच्या वाऱ्याप्रमाणे रायफल जुळवून घेतात आणि वारा फिरला की दर्शिका, म्हणजे रायफलीवरचे नेम धरायचे साधन, काही क्लिक सरकवावी लागते. ते न करणारा फसतो. धुके आणि वारा यांसाठी जर्मनीतील ओबरहोफ प्रसिद्ध आहे. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची मास स्टार्ट धुक्यामुळे दोनदा पुढे ढकलावी लागली होती.

तीच मास स्टार्ट नवख्यांना जरूर दाखवावी आणि तिच्यासोबत 2018 सालच्या प्योंगचांग ऑलिम्पिकमधील मास स्टार्टही दाखवावी. सोचीत नॉर्वेच्या एमिल हेग्ले स्वेन्डसेनने रेषेपूर्वीच हात उंचावले आणि फ्रान्सचा मार्टिन फूरकाद इतका जवळ आला की निर्णय छायाचित्रावरून करावा लागला. सुवर्ण स्वेन्डसेनला गेले. चार वर्षांनी फूरकाद पुन्हा तशाच निसटत्या शेवटात सापडला, या वेळी जर्मनीच्या सिमोन शेम्पबरोबर, आणि छायाचित्राने कौल त्याच्या बाजूने दिला. या दोन शर्यती एका बैठकीत पाहिल्यावर या खेळात धावणे दुय्यम आहे, असे कोणी म्हणत नाही.

महाराष्ट्रात बसून पाहणाऱ्यांना वेळ मोठी सोयीची पडते. मध्य युरोपची हिवाळी वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असल्याने तिथली दुपारी अडीचची शर्यत आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी येते. विश्वचषकाचा मोसम नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपतो आणि प्रक्षेपणाचे हक्क बदलत असल्याने मोसमाच्या आरंभीच काय कुठे दिसणार हे पाहून ठेवावे. भाकरी थापत असताना पडद्याकडे पाठ असली तरी बिघडत नाही. प्रत्येक लागलेल्या नेमाला मैदानातील गर्दी एकमुखाने आरोळी ठोकते आणि चुकलेल्या नेमाला उसासा सोडते, त्यावरून तव्याजवळूनही मोजता येते. मात्र शर्यत जर्मनीतील रूपोल्डिंगला असेल तर गर्दीचा मोठा आवाज जर्मन खेळाडूंसाठी असतो, हे विसरू नये, नाहीतर हिशेब चुकतो. समालोचन जर्मन असल्यास ‘फेलर’ म्हणजे चुकलेला नेम एवढा एक शब्द पुरतो.

मंडळी वेगवेगळ्या गावांत बसून व्हॉट्सअॅपवर गप्पा मारत पाहणार असतील तर एक नियम आधी ठरवून घ्यावा. इंटरनेटवरील प्रक्षेपण प्रत्येकाकडे सारख्याच वेळी पोहोचत नाही. अर्ध्या-एका मिनिटाचा फरक सहज पडतो आणि उभ्याने नेमबाजीचा अख्खा टप्पाच तेवढ्या वेळात आटोपतो. आमच्या एका पुणेकर मित्राने शेवटच्या टप्प्यावर ‘गेला, दोन चुकले’ असे लिहिले तेव्हा साताऱ्यातील माझ्या पडद्यावर तो खेळाडू चटईकडे नुकता येत होता. पुढचे अर्धे मिनिट मी भिंतीकडे पाहत बसलो. तेव्हापासून शेवटच्या नेमबाजीत सर्वांत मागे असलेल्याने ‘झाले’ लिहीपर्यंत कोणी काही लिहीत नाही. सुरुवातीलाच सर्वांनी पडद्यावरील घड्याळाची वेळ एकमेकांना कळवली की सर्वांत मागे कोण आहे हे समजते.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र जानेवारीत एकदा प्रत्यक्ष जावे. म्युनिकहून ट्राउनश्टाइनला गाडी बदलून रूपोल्डिंगला पोहोचता येते. नेमबाजीच्या मैदानासमोर उभे राहिल्यास लक्ष्ये दुर्बिणीतून आणि मोठ्या पडद्यावर दोन्हीकडे दिसतात. जंगलातील चढावर उभे राहिल्यास खेळाडूंचे श्वास ऐकू येतात, पण दर फेरीला ते काही क्षणच समोर असतात. पहिल्या खेपेला मैदान निवडावे. दोन-तीन तास बर्फावर उभे राहायचे असल्याने अंगावरच्या कपड्यांइतकीच काळजी तळपायांची घ्यावी, आणि बरोबर जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा न्यावा. तो पायांखाली टाकून उभे राहिले की थंडी बुटांतून वर चढत नाही, आणि शेजारचा अनोळखी जर्मन प्रेक्षक थोड्या वेळाने त्याच पुठ्ठ्यावर अर्धा पाय ठेवू का, असे विचारून गप्पांना सुरुवात करतो.