कोकणातील लहान उद्योगात माणसांचा हुरूप कसा टिकवावा

काजू प्रक्रियेचा कारखाना असो, आंबा भरण्याची शेड असो, किनाऱ्यावरचे न्याहारी-निवास असो किंवा बंदरात नांगरलेले दोन ट्रॉलर असोत, कोकणातील मालकांची तक्रार बहुधा एकच असते: माणसे मन लावून काम करीत नाहीत, आणि करू लागली की टिकत नाहीत. त्यावर उपाय म्हणून कोणी बाहेरून वक्ता बोलावतो, कोणी भिंतीवर सुविचार लावतो, आणि आठवडाभरात सारे पूर्वपदावर येते. सावंतवाडी परिसरातील एका काजू कारखान्यात व्यवस्थापक म्हणून मी बरीच वर्षे काढली, आणि त्या काळात माझे मत असे झाले की पहिल्या दिवशी कामावर येणारे माणूस हुरूप घेऊनच येते. तो कोठे गळतो हे शोधणे आणि ती गळती बुजवणे एवढेच मालकाच्या हाती असते. पुढील सूचना पाच ते पन्नास माणसांच्या उद्योगासाठी आहेत.

सुरुवात विचारण्यापासून करावी, मात्र काय विचारायचे हे नीट ठरवून. ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही, बरे चालले आहे’ हेच उत्तर मिळते, कारण मालकाच्या तोंडावर गाऱ्हाणे सांगण्याची रीत नाही. ते संध्याकाळी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर सांगितले जाते. त्याऐवजी प्रत्येकाला एकटे गाठून ‘काल कोणत्या कामात तुमचा वेळ फुकट गेला?’ असे विचारावे. हा प्रश्न कामाविषयी असल्यामुळे उत्तर देताना संकोच वाटत नाही. आमच्याकडे या एका प्रश्नातून कळले की बी फोडणाऱ्या बायकांचे हातमोजे चार-पाच दिवसांत फाटत, पण नवे महिन्यातून एकदाच मिळत. काजूच्या टरफलातले तेल कातडी पोळते. हात चुरचुरत असताना कोणालाही हुरूप येणार नाही, आणि हे कळण्यासाठी वक्त्याची गरज नव्हती.

पैशांचा हिशेब आधी

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून १९५९ साली असा निष्कर्ष मांडला की पगार, कामाची जागा आणि वरिष्ठांचे वागणे या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण केवळ त्या सुधारल्याने तो कामात रमत नाही. रमण्यासाठी काम स्वतः अर्थपूर्ण वाटावे लागते, जबाबदारी मिळावी लागते आणि केलेल्याची दखल घेतली जावी लागते. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी क्रम ठरवण्यापुरती ती उपयोगी आहे: आधी नाराजीची कारणे दूर करावीत, मग उत्साहाच्या गोष्टी बोलाव्यात.

मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणे हा कायदा आहे, उपकार नव्हे. किलोमागे मजुरी असेल तर वजन कामगारासमोर करावे आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी त्याच वेळी हातात द्यावी. ट्रॉलरवर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. त्या खर्चाच्या पावत्या तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी यांना पाहता आल्या पाहिजेत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांचे वाटे सर्वांच्या समक्ष पडतात, आणि वाटा लहान निघाला तरी दुसऱ्या दिवशी माणसे दोरीला हात लावायला येतात, याचे कारण मला तरी त्या समक्षपणातच दिसते. उचल दिली असेल तर ती किती फिटली आणि किती उरली हेही वहीत दोघांच्या सहीने लिहावे.

बोनसविषयी एक सुचवतो. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो देण्यासाठी आपण सवयीने दिवाळीची वाट पाहतो. कोकणातील घरात मात्र मोठा खर्च गणपतीला होतो. तीच रक्कम चतुर्थीच्या आठ दिवस आधी दिली तर मालकाला एक रुपयाही जास्त पडत नाही, आणि कामगाराची सावकाराकडची फेरी वाचते.

रजांचे पंचांग

कोकणात माणसे बिथरतात ती बहुतेक रजेवरून. आषाढात लावणी, भाद्रपदात गणपती, पावसाळा सरता सरता कापणी आणि फाल्गुनात शिमगा हे चार काळ असे आहेत की त्या दिवसांत रजा नाकारली तर माणूस राजीनाम्याचा कागदही न देता निघून जातो, आणि त्यात त्याची चूक आहे असे मला वाटत नाही. पालखी दारात येणार असताना घरातला कर्ता पुरुष पर्यटकांच्या खोल्यांच्या चाव्या सांभाळत बसेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

यावर तोडगा निघतो, कारण हे सण सर्वांचे एकाच दिवशी नसतात. कोणाच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाकडे गौरीबरोबर विसर्जन होते, तर काही घरांत तो अकरा किंवा एकवीस दिवस राहतो. शिमग्याची पालखीही वाडीवाडीतून ठरलेल्या दिवशी फिरते. म्हणून वर्षाच्या आरंभी, शक्यतो पाडव्याच्या सुमारास, एक मोठा तक्ता भिंतीवर लावावा आणि प्रत्येकाने आपल्या घरचे दिवस त्यावर स्वतःच्या हाताने लिहावेत. जेथे दोघांचे दिवस एकमेकांवर येतात तेथे त्या दोघांनीच आपसात ठरवावे. मालकाने मध्ये पडू नये. मी पहिल्या वर्षी मध्ये पडलो होतो आणि दोघेही माझ्यावर रुसले. दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर सोपवले, तेव्हा एकाने दुसऱ्याची पाळी घेतली आणि मोबदल्यात लावणीला त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. अशी देवघेव मला सुचलीच नसती.

ट्रॉलरचे गणित वेगळे आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी असल्यामुळे त्या ६१ दिवसांनंतर खलाशी परत येईल की नाही, ही मालकाची खरी चिंता असते. जाळी विणणे, होडीची डागडुजी, इंजिनाचे काम यांपैकी काय कोणाला देणार आणि त्याचे किती पैसे मिळणार, हे मे महिन्यातच सांगून ठेवावे.

निर्णय कोणी घ्यायचा

१९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा होता आणि त्यावर स्वतंत्र मुख्य अभियंता होता. दरडी, बोगदे आणि नद्या यांनी भरलेल्या या प्रदेशातून २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. एवढे अवघड काम जागेवरच्या माणसाच्या हाती सोपवता येते, तर आपल्या सहा खोल्यांच्या न्याहारी-निवासात पाहुण्याला गरम पाणी मिळाले नाही म्हणून बिलातून काही रक्कम कमी करण्यासाठी मालकाला चिपळूणला फोन का करावा लागावा? समजा ५०० रुपयांपर्यंतचा निर्णय समोरच्या माणसाने घ्यावा असे एकदा ठरवून टाकले, आणि नंतर त्या निर्णयावर ‘कशाला दिलेस?’ असे विचारले नाही, तर महिनाभरात त्या माणसाच्या बोलण्या-चालण्यातला फरक दिसतो. विचारले, तर तो अधिकार त्याच क्षणी संपला असे समजावे.

अधिकाराबरोबर कामाचे पुढे काय होते तेही दाखवावे. आमच्या प्रतवारीच्या खोलीत वर्षानुवर्षे ‘डब्ल्यू-३२०’ वेगळे काढणाऱ्या कित्येक बायकांना ठाऊक नव्हते की त्या आकड्याचा अर्थ एका पौंडात बसणारे ३०० ते ३२० अख्खे गर असा आहे, आणि गर फुटला की त्याचा भाव किती उतरतो. ते समजावल्यावर फुटके तुकडे कमी निघू लागले. आंब्याच्या पेटीत भरणाऱ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी टाकावी आणि मुंबई-पुण्याहून आलेला शब्द, बरा असो वा वाईट, त्याच्यापर्यंत पोचवावा. दोष देताना मात्र विवेक हवा: हापूसमधला साका, म्हणजे आतल्या गराचा बिघाड, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल भरणाऱ्याची मजुरी कापणे हा शुद्ध अन्याय आहे.

नाव, शब्द आणि एक फसलेला प्रयोग

बागांत आणि होड्यांवर नेपाळहून आलेली कितीतरी माणसे काम करतात, आणि आपण त्या सर्वांना एकाच नावाने हाक मारतो. त्यांचे खरे नाव विचारावे, ते हजेरीत लिहावे आणि त्याच नावाने हाक मारावी. त्यांचा दशैं हा मोठा सण नवरात्रातच येतो. त्या दिवशी होडीवर थोडे गोडधोड पोचवणे कोणालाही जड नाही. वयाने मोठ्या कामगार स्त्रीला काकी किंवा मावशी म्हणणारा मालक तिच्या मुलासमोर तिला ‘अगं ए’ म्हणत असेल, तर त्या काकीला काही अर्थ उरत नाही. आपल्या बोलण्यातला तिरकसपणा बरोबरीच्या माणसांत शोभतो. पगार देणाऱ्याच्या तोंडून आलेला टोमणा मात्र विनोद म्हणून घेतला जात नाही. कौतुक करायचे तर ‘छान काम’ असे मोघम म्हणू नये. ‘काल वीज गेल्यावर तुम्ही ट्रे वेळेत झाकले, म्हणून माल वाचला’ असे नेमके सांगावे.

आता फसलेला प्रयोग. मी एकदा ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ असा फलक छायाचित्रासह लावला. पहिल्या महिन्यात टाळ्या पडल्या. दुसऱ्या महिन्यात प्रतवारीच्या खोलीत एकमेकींच्या टोपलीला मदतीचा हात लावणे बंद झाले, आणि तिसऱ्या महिन्यात जिचे छायाचित्र लागले होते तीच मला म्हणाली की ते काढून टाका, दुपारी डबा खाताना माझ्याशेजारी कोणी बसत नाही. चौथ्या महिन्यात फलक उतरवला आणि त्याच्या बक्षिसासाठी ठेवलेले पैसे सर्वांच्या चहाबरोबरच्या खाण्यावर खर्च केले.

हे सारे एकदम सुरू करू नये. गणपतीनंतर कामावर परतण्याचा पहिला दिवस आरंभासाठी चांगला असतो. त्या दिवशी भट्टी पेटवू नये, यंत्रे पुसावीत, प्रत्येकाने घरून आणलेला प्रसाद मध्ये ठेवावा, आणि हातमोजे किती दिवसांत फाटतात ते विचारावे.